दुसऱ्याच्या माणसासाठी

“अहो, तुमच्या पायात माझ्या बाबांच्या चपला आहेत!”

दर्ग्याच्या पायरीखाली तो थबकला, खाली पाहिलं आणि ओशाळून हसला. “तरीच... आज रस्ता इतका मऊ कसा लागतोय!”

तो घड्याळं दुरुस्त करायचा, ती शाळेत शिकवायची. त्याच्या आईची उजवी बाजू लुळी पडली होती. तिचे बाबा तापातून उठले ते तिला ओळखेनासेच झाले. दवाखाने पालथे घालून दोघं इथे आली होती, दर्ग्यामागच्या खोल्यांत शेजारी-शेजारी. नळावर गाठ पडायची. बादली भरून वाहू लागली तरी तोटी बंद करायचं भान दोघांनाही नसायचं.

“मास्तरीणबाई, माझं गाऱ्हाणं ऐकून पीरबाबा कंटाळले असतील,” एकदा तो म्हणाला. “तुम्ही माझ्या आईसाठी मागा, मी तुमच्या बाबांसाठी मागतो.”

“आणि दोघंही बरी झाली तर?”

“तर... आपापल्या गावी.”

तिने भरलेली बादली उचलली. पण रोज मजारीच्या जाळीला कपाळ टेकून तिने त्याच्या आईसाठीच मागितलं. जीव तुटायचा, तरी मागायची.

पाचव्या आठवड्यात त्याची आई भिंतीला धरून चार पावलं चालली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सामान बांधून तो तिच्या दारात उभा राहिला.

“तुमचं मागणं फळलं...” तो मान खाली घालून म्हणाला. “माझं— मी बाबांसाठी एकदाही मागितलं नाही.”

“काय?”

“ते बरे झाले असते तर तू निघून गेली असतीस. मी रोज तुलाच मागत होतो. चल ना माझ्याबरोबर... बाबांनाही घेऊन जाऊ.”

किती दिवस हेच ऐकायला तिचे कान आतुरले होते!

“तुमच्याकडे पाहिलं की मला रोज ते न मागितलेलं मागणं आठवेल,” ती कशीबशी म्हणाली. “जा तुम्ही.”

तो गेला. तिला संताप यायला हवा होता. पण कुणाला तरी आपण इतके हवे होतो, या विचाराने ती क्षणभर सुखावली, आणि त्या सुखाची तिला इतकी शरम वाटली की बाबांकडे बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून रडली.

“बाई, तुमचं कुणी आजारी आहे का इथे?” बाबांनी हळूच विचारलं.

“हो... माझे बाबा.”

“होतील हं बरे,” ते म्हणाले, आणि परक्या बाईपाशी बसावं तसे जरा लांबच बसून राहिले.