दोन काळजांचं पदक

माझा डूल त्याच्या घोंगडीत अडकला तेव्हा मी घाबरले नाही, आधी चिडले. संत मिकेलेची मिरवणूक चौकात शिरत होती, मागून गर्दीचा धक्का आला आणि माझा डावा कान थेट चेझीदियो धनगराच्या खांद्याला जाऊन चिकटला. डुलाला लोंबणारे सोन्याचे बारके लोलक, त्यात घोंगडीची लोकर... असा गुंता बसला की जागचं हलता येईना.

"सोड," मी म्हणाले.

"मी कुठं धरलंय? तुझ्याच डुलानं मला धरलंय!"

उन्हाळाभर हा मेंढ्या ओढ्यावर आणायचा, माझ्याकडं बघायचा आणि मी न बघितल्यासारखं करायचे. उद्या तो कळप घेऊन हिवाळ्यासाठी खाली दक्षिणेकडच्या पुलिया प्रांताच्या मैदानात उतरणार होता, तो एकदम जूनमध्येच वर येणार. म्हणजे बोलायचं तर आजच. मला तो आवडत होता, फार आवडत होता.

गुंता सोडवायला त्यानं मान वळवली, माझ्या गळ्याकडं पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"दोन काळजं?... कधी ठरलं?"

झालं! आमच्या आब्रुझ्झोच्या डोंगरात मुलीच्या आधी तिच्या गळ्यातलं चांदणीसारखं पदक बोलतं. त्या चांदणीत एक काळीज म्हणजे मुलगी मोकळी, दोन म्हणजे लग्न ठरलेली. माझं एका काळजाचं पदक सोनाराकडं दुरुस्तीला गेलेलं. "सणाला ओका गळा? घराण्याचं नाक कापशील!" म्हणत बेरार्दिना मावशीनं सकाळी स्वतःचं पदक माझ्या गळ्यात अडकवलं होतं. कोण बघतंय एवढं निरखून, म्हणे. ज्यानं बघायला नको होतं, नेमका तोच बघत होता.

उसन्या सोन्याची लाज वाटत होती. शिवाय 'मी मोकळी आहे' असं कुठली मुलगी आपण होऊन सांगते?

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले.

"काही नाही... तो येऊन माझं डोकं फोडायचा, म्हणून विचारतो. उंच आहे?"

"तुझ्याएवढाच."

"शेती करतो?"

"मेंढ्या राखतो."

"मेंढ्या?" तो चांगलाच दुखावला. "मग माझ्यात काय कमी होतं?"

मला हसू फुटलं, कान ताणला गेला आणि मी "आई गं!" करून किंचाळले.

त्या किंचाळीनं मिरवणुकीतल्या बायका वळल्या. गळ्यात दोन काळजं, गाल चेझीदियोच्या खांद्यावर... आणखी काय हवं? त्यांनी उभ्या उभ्या सोयरीक जुळवून टाकली.

"अगं बाई, लोरेता! हा होय तो? आणि आम्हाला पत्ताच नाही!"

आमच्याकडं सोयरिकीला उधळतात त्या साखरेत घोळलेल्या बदामांचा आमच्यावर वर्षाव सुरू झाला. एक चेझीदियोच्या डोळ्यावर बसला. "अहो, मी नाही! तो दुसरा—" तो ओरडत होता, पण मिरवणुकीच्या बँडपुढं त्याचं ऐकतंय कोण? पलीकडं त्याच्या आईनं माझ्या मावशीला कवटाळलं होतं. मावशीनंही खुशाल गाल पुढं केले होते.

"लोरेता, सांग ना त्यांना," तो कळवळून म्हणाला. "माझं जाऊ दे. उगाच तुझं नाव खराब होईल."

एका डोळ्यातून पाणी वाहत असताना ह्याला माझ्या नावाची काळजी! मला राहवेना.

"दुसरा कोणी नाही," मी एका दमात सांगून टाकलं. "पदक मावशीचं आहे. माझ्यात एकच काळीज आहे... आणि ते सोनाराकडं आहे."

त्यानं वाहणारा डोळा पुसला. मग एका डोळ्यानं माझ्याकडं बघत म्हणाला, "म्हणजे गावानं ठरवलं, आईनं ठरवलं... तुला विचारलं कुणी?"

"कुणीच नाही."

"मग मी विचारतो. जूनपर्यंत थांबशील माझ्यासाठी?"

आमच्या गावात मुली हो म्हणत नाहीत, नुसती मान खाली घालतात. मीही घालायला गेले, पण डूल कुठं घालू देतोय! शेवटी बँडच्या वर ऐकू जावं म्हणून सगळा जीव एकवटून ओरडले, "हो! थांबेन!"

बँड तेवढ्यात थांबला होता. चौक चिडीचूप. पुढं गेलेले पाद्रीबाबासुद्धा वळून बघायला लागले.

"हळू गं," चेझीदियो पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "मेंढ्या बुजतील."

आणि गुंता सोडवायचा सोडून त्यानं माझा हात धरला.