खालची ओळ

ती फळा वाचत होती आणि त्याने फळा पुसला. ओळख झाली ती अशी.

"अहो, मी वाचत होते," ती म्हणाली.

"कालचं होतं ते," वनरक्षक म्हणाला आणि खडू शोधायला लागला. खडू त्याच्या कानावरच होता. तिने तो बोटाने दाखवला आणि तो स्वतःशीच हसला.

त्या उद्यानात डोंगर थेट समुद्रात उतरत. शेवटचा डोंगर तर बाकीच्यांशी भांडल्यासारखा वेगळा, पाण्यात जाऊन उभा. त्याच्यापर्यंत जायला मधे वाळूचा पट्टा होता, तो फक्त ओहोटीला उघडा पडायचा. म्हणून वनरक्षक रोज सकाळी भरती-ओहोटीचा तक्ता बघून फळ्यावर लिहायचा : वाळू उघडी, इतक्यापासून इतक्यापर्यंत.

"रोज वेळ बदलते?"

"समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो. जाब कोण विचारणार?"

"आमच्या बाबांशी गाठ पडली नाहीये अजून त्याची."

बाबांनी चौतीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं केली होती. निवृत्त होऊन दीड महिना झाला होता आणि आता ते घरात दूध किती मिनिटं उशिरा आलं याच्या नोंदी ठेवत होते. शेवटी तिने चष्म्याच्या दुकानातून आठ दिवसांची रजा काढली — ती तिथे डोळे तपासायची — आणि त्यांना इकडे घेऊन आली. बाबांना फळा फार आवडला. वनरक्षकही आवडला, कारण तो सहाला म्हणजे सहालाच यायचा.

तिला आवडायची कारणं वेगळी होती. शेवाळलेल्या खडकांवरून कसं चालायचं, हे त्याने तिला शिकवलं. पाऊल सपाट टाकायचं, घाई करायची नाही. अवघड जागी तो हात पुढे करायचा आणि ती जागा संपली की तत्क्षणी काढून घ्यायचा. फारच प्रामाणिक हात होता तो. चौथ्या दिवशी तिला त्याचा राग यायला लागला. सहाव्या दिवशी ती सपाट वाळूवरही जरा घसरून पाहू लागली, तर पठ्ठ्या म्हणाला, "इथे कशा घसरताय?"

शुक्रवारी दहाची बस होती. ती गेली की संपलं. तो इथे डोंगरावर आणि ती तिथे, लोकांना अक्षरं वाचायला लावत. त्याच्या मनात काही आहे की तो सगळ्यांनाच असा हात देतो, हे तिला कळत नव्हतं. विचारायची छाती होत नव्हती आणि तो मूग गिळून बसला होता.

गुरुवारी फळ्यावर लिहिलं होतं : सव्वासात ते सव्वाबारा. धुकं होतं, बाकीचे पाहुणे खोल्यांतून बाहेरच पडले नाहीत. बापलेक दोघंच पलीकडे गेले आणि बरोब्बर बाराला परत फिरले, तर वाळू नव्हती. नुसतं पाणी. बाबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

तेवढ्यात पलीकडून तो धावत आला आणि थेट पाण्यात शिरला. पिशवी डोक्यावर धरून, छातीएवढ्या पाण्यातून वाट काढत तो त्यांच्यापर्यंत पोचला आणि धापा टाकत म्हणाला, "पाण्यात उतरू नका. वाळू आता सातलाच उघडेल. चूक माझी आहे."

"तक्ता दाखवा," बाबा म्हणाले.

त्याने पिशवीतून तक्ता काढून दिला. बाबांचं बोट एका जागी थांबलं. "खालची ओळ वाचलीत. हे उद्याचं आहे. नवखे करतात ही चूक. तुम्हाला इथे किती वर्षं झाली?"

"सहा."

"मग?"

त्याने ओल्या बाहीने तोंड पुसलं. त्याची ती अवस्था बघवेना म्हणून ती म्हणाली, "माझ्याकडे येऊन डोळे तपासून घ्या."

तो हसला नाही. "डोळे चांगले आहेत. मी उद्याचीच ओळ बघत होतो… तीच डोक्यात राहिली."

"उद्याची कशाला?" बाबांनी सोडलं नाही.

"तुमची बस दहाला आहे. त्याआधी वाळू उघडी असेल का, ते बघत होतो. म्हणजे — यांना विचारणार होतो, एकदा फिरायला याल का."

"नुसतं फिरायला?"

"नाही, काका," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

तिने खाली बघून ओढणीचं टोक पिळलं, ते कोरडंच होतं. बाबांनी तक्ता घडी घालून परत दिला. तक्रार आपण लिहिणार, असं त्यांनी सांगितलं. फळ्यावर भरवसा ठेवून कोणी बुडालं असतं तर? कारण मात्र लिहिणार नाही, तो कारकुनाच्या वाचण्याचा विषय नव्हे. लिहाच, असं तो म्हणाला, आणि त्याने गयावया केली नाही हे तिला फार फार आवडलं.

मग बाबा एका कोरड्या कपारीत आडवे झाले, डोळ्यांवर टोपी घेऊन. ते झोपले की झोपल्याचं सोंग केलं, हे त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही. ही दोघं खाली खडकावर बसून राहिली. त्याच्या पिशवीतली बिस्किटं संपली, धुकं विरलं, त्याचे कपडे अंगावरच वाळले. सात तासांत दोघं मिळून वीसेक वाक्यं बोलली असतील, त्यातली निम्मी खेकड्यांविषयी.

सातला वाळू उघडी पडली. बाबा विजार दुमडून पुढे निघाले, ते मागे न बघता. ती घोट्याएवढ्या पाण्यात थांबली.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हे मी उद्या बसच्या खिडकीतून सांगणार होते… बस सुरू झाल्यावर. म्हणजे उत्तर ऐकायला थांबावं लागलं नसतं."

तो तिच्यासमोर येऊन थांबला. "पुन्हा म्हणा. पाण्याचा आवाज होता."

"ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय. तरी म्हणा."

तिने त्याचा हात धरला आणि पुन्हा सांगितलं. पुढे सगळी सपाट वाळू होती, पण या वेळी त्याने हात काढून घेतला नाही.