पोटातली दिशा

आठवा महिना सरला तरी श्रद्धाच्या पोटातलं बाळ आडवंच होतं. "अजून वेळ आहे, फिरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही फिरलं तर मात्र ऑपरेशन. डाव्या कुशीवर झोपत जा."

डावी कूस तिला मानवत नव्हती. कुठलीच मानवत नव्हती. जेवलं की घशाशी जळजळ, पाय सुजून चपलेत शिरेनात. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. खालापुरात ती जमीनमोजणीच्या कामावर होती. आठ वर्षं बांध आणि कोन यांत गेली होती. रजा लागल्यापासून मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत तिच्या नुसत्या येरझाऱ्या चालत.

बाळाचं डोकं हाताला लागायचं. टणक, गोल, नेहमी उजव्या कुशीत, खिडकीच्या बाजूला. एका दुपारी तिने उशी पायथ्याशी घेतली आणि उलटी निजली. पाव तासात पोट ढवळून निघालं आणि डोकं डाव्या कुशीत आलं. म्हणजे पुन्हा खिडकीकडेच.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची थोडीथोडी फिरवत, फोनमधल्या होकायंत्रावर नीट माप घेतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. दिशा तीच. पूर्व, जराशी दक्षिणेकडे कललेली.

नवरा कंपनीतून आल्यावर तिने त्याला सांगितलं. "ऑफिस सुटलं, पण तुझी मोजणी काय सुटत नाय," हरेश हसला. मग तिच्या पोटावर हात ठेवून त्याने तिला बसायची बाजू बदलायला लावली. थोड्या वेळाने त्याने हात झटकन काढून घेतला. तो विषय त्याने परत काढला नाही.

सोमवारी ती बाळंतपणाला माहेरी, कर्जतला आली. तिथे डोकं थेट दक्षिणेला वळलं.

दोन जागा, दोन रेषा. तिने फोनवरच्या नकाशावर त्या ओढल्या. पळसदरीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी, सहा घरांच्या एका वाडीवर त्या एकमेकींना छेदत होत्या.

"या दिवसांत कुठं निघालीस गं?" आईने, जनाबाईंनी विचारलं.

"नवनाथकाकांच्या रिक्षातून एक चक्कर मारून येते. घरात जीव घुसमटतोय."

"मंग मी पण येते."

"नको. तासाभरात आले."

शेजारचे नवनाथकाका रस्ता संपला तिथे रिक्षा लावून थांबले. पुढे पायवाट होती. भात कापून झालं होतं. खुंट चपलेला टोचत होते. पोटाखाली हात धरून, दर वीस पावलांवर दम खात ती वर गेली. वाडीत शुकशुकाट होता. शेवटच्या घराच्या दारात मात्र एक बाई उभी होती. तिचेही दिवस भरत आलेले.

"आलीस?" ती म्हणाली. "मी चिमा. ये, बस."

"तुम्ही मला ओळखता?"

"नाय. पण तू मावळतीला होतीस ना? सोमवारी तिकडनं हललीस, कर्जताकडं गेलीस."

"कोणी सांगितलं?"

चिमाने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "याचं डोकं तिकडंच असायचं. मावळतीला. सोमवारी दुपारी फिरलं."

आत चटईवर दोघी शेजारी बसल्या, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. मधे थोडी जागा होती. श्रद्धाने न विचारताच चिमाच्या पोटावर तळवा टेकला. डोकं डाव्या कुशीत होतं. तिचं स्वतःचं, उजव्या. दोन्ही एकमेकांकडे. कितीतरी आठवड्यांनी तिला पुरता श्वास घेता आला.

"भेटली एकदाची," चिमा हसली.

तेवढ्यात दोन्ही पोटं एकदम ढवळली.

श्रद्धाच्या पोटातलं डोकंही डावीकडे गेलं. आता एकाच बाजूला दोन्ही. डावीकडे कुडाची भिंत होती आणि भिंतीपलीकडे रिकामं शेत.

"कोण आहे तिकडं?"

"कोण नाय. सगळी भाताच्या झोडणीला गेलीत."

डोकी सरकू लागली. डावीकडून पुढे. सावकाश, एकाच चालीने. बाहेरून कुणी भिंतीला धरून चालत यावं तशी.

मग ती बेंबीखाली येऊन थांबली. बरोबर समोर. दारात.

दारात ऊन होतं. उंबऱ्यावर दाणे टिपणारी कोंबडी मान वर करून बघत राहिली आणि बाजूला झाली.

श्रद्धाच्या पोटातलं डोकं उजवीकडे गेलं. हाताखाली चिमाचं डावीकडे आलं. एकमेकांकडेच बघतायत, तिने स्वतःला समजावलं. मघासारखीच.

चिमाने साडीचा घोळ गोळा केला आणि चटईवर जराशी पलीकडे सरकली, मधे बसणाऱ्याला अवघडू नये इतकी.