तिसरं कार्ड

बाळांच्या वॉर्डात चार पाळणे होते, एक फ्रिज होता आणि एक वजनकाटा होता, तोही मनाला येईल तसा चालणारा. बाकी सगळी भिस्त सिस्टरांवर होती. बावीस वर्षं त्यांनी या कामात घालवली होती. रडण्यावरून बाळाचं पोट दुखतंय की कान, हे त्या दारातूनच सांगत. नवे डॉक्टर पहिला महिना त्याला हसत आणि मग गुपचूप त्यांनाच विचारायला येत.

ते दोन महिन्यांचं बाळ आलं तेव्हा मात्र हसायला कुणाला सुचलं नाही. त्याची आई सांगत होती की सारखं दूध ओढतो, तरी वाळत चाललाय; लंगोट बदलून हात मोडले; आणि कालपासून धाप लागलीय. आधीच्या दवाखान्यात छातीत कफ आहे म्हणून सांगितलं होतं. सिस्टरांनी कुणाच्या सांगण्याची वाट न बघता बाळाच्या टाचेला सुई टोचली आणि थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. यंत्राने आकडाच दाखवला नाही, कारण साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती.

डॉक्टर तरुण होते, पण अभ्यासू. दोन दिवस पुस्तकं चाळून त्यांनी सिस्टरांना समजावलं. इतक्या लहान बाळाला नेहमीचा मधुमेह सहसा होत नाही. हा वेगळा, जन्मातूनच आलेला. त्यातल्या काहींना तर इंजेक्शन लागतच नाही, मोठी माणसं घेतात ती साधी गोळी पुरते. पण हे बाळ त्या काहींपैकी आहे का, ते लांबच्या शहरातली एक प्रयोगशाळाच सांगू शकत होती. कागदी कार्डावर रक्ताचे थेंब वाळवून पोस्टाने पाठवायचे. तोवर इंजेक्शन, तेही इतकं थोडं की सिरिंजवरची रेघ दिसता दिसत नाही. म्हणजे तारेवरची कसरत.

सिस्टर मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष उडालं होतं. अठरा वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मुलगी अशीच गेली होती. तसेच भिजलेले लंगोट, तशीच धाप, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनीही छातीचंच सांगितलं होतं. साखर कुणी बघितली नाही. घरात नर्स असून नर्सनेही बघितली नाही. तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं, लाडाने ठकू म्हणायचे तेवढंच. या हॉस्पिटलात हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठकूला हेच झालं होतं का, आणि झालं असेल तर ती वाचली असती का, हा प्रश्न डॉक्टरांचं ऐकलं त्या दिवसापासून त्यांच्या मानगुटीवर बसला.

कार्डं दोन करायची होती, एक बाळाचं आणि एक त्याच्या आईचं. प्रत्येकावर पाच गोल छापलेले, प्रत्येक गोलात एक थेंब. सिस्टरांनी दोन्ही नीट भरली, नाव-तारीख घातली आणि खिडकीजवळ सावलीत जाळीवर वाळत ठेवली. चार तासांनी बघायला गेल्या तर जाळीवर तीन कार्डं होती.

तिसऱ्यावर नाव नव्हतं, तारीख नव्हती. पाचही गोल भरलेले होते, थेंब लहान होते, आणि रक्त अजून ओलं होतं.

डॉक्टरांनी घेतलं नव्हतं. बाळाचे वडील कामासाठी परगावी होते. वॉर्डात दुसरं बाळ नव्हतं. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला रक्त बघून भोवळ येते, मी कशाला कुणाला टोचू?"

आपण स्वतः न घेतलेल्या रक्तावर कधी काही लिहू नये, हा नियम सिस्टरांनीच नव्या मुलींना ओरडून ओरडून पाठ करायला लावला होता. असं कार्ड फेकून द्यायचं असतं. त्यांनी ते कोपऱ्याला धरून उचललं, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. मग पेन काढून त्यावर ठकूची जन्मतारीख लिहिली, सालासकट. खाली लिहिलं, 'मुलगी'. खुळ्यासारखं करतोय हे त्यांना कळत होतं. तरी पाकीट पोस्टात टाकायला त्या स्वतः गेल्या.

दोन आठवड्यांनी मावशींची कुरकुर सुरू झाली. चार नंबरचा पाळणा रिकामा असतो, मग त्याची चादर रोज सकाळी ओली कशी? आणि पाळण्याच्या पायावर मुंग्यांची रांग कशी? सिस्टर वाकून बघत राहिल्या. चादर नुसती ओली नव्हती, चिकट होती. लघवीतली साखर बघायची एक पट्टी त्यांनी तिच्यावर दाबली. पट्टी बघता बघता गडद झाली. लंगोट बदलताना आई बाळाला तिथे ठेवत असेल, असं त्यांनी मावशींना सांगितलं. मावशींना काही ते पटलं नाही, पण त्यांचं भांडण चादर धुण्याशी होतं, कारणाशी नव्हतं.

पाचव्या आठवड्यात प्रयोगशाळेतून फोन आला. तिथल्या बाई मोठ्या मायेने बोलत होत्या. बाळाचा आजार त्यातलाच निघाला होता, गोळीने भागणार होतं.

"आणि त्या मुलीचंही तेच," बाई म्हणाल्या. "तिच्या कार्डावर साल चुकलं होतं बघा, अठरा वर्षांपूर्वीचं पडलं होतं. मी या वर्षाचं करून घेतलं. म्हणजे आज एकशे तीन दिवसांची. बरोबर ना?"

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या.

"इंजेक्शन किती देताय तिला?"

"काहीच देत नाही."

"मग थांबू नका, सिस्टर. आजच गोळी सुरू करा. अजून वेळ आहे."

सिस्टरांनी फोन ठेवला. किती वेळ आहे, ते त्यांना बरोबर माहीत होतं. ठकू एकशे अकराव्या दिवशी गेली होती. आणि ही गोळीही माहीत होती. त्या वर्षी सासूबाई रोज सकाळी हीच घ्यायच्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर, हात वर केला की लागेल अशी, डबीभर होती. ठकू खाली पदराच्या झोळीत धापा टाकत होती आणि औषध वर फळीवर होतं. अठरा वर्षांत कुणासमोर न रडलेल्या सिस्टर त्या दिवशी वॉर्डाचं दार उघडं टाकून रडल्या.

बाळाची गोळी त्याच दिवशी सुरू झाली. पाव गोळी पाण्यात विरघळवायची, त्यातलं थोडं बाळाला द्यायचं, उरलेलं फेकायचं. सिस्टरांनी उरलेलं फेकणं बंद केलं. ठकूचं वजन कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या हाताला ते आठवत होतं. त्या अंदाजाने त्या चमचा भरत आणि चार नंबरच्या पाळण्यात उशाशी ठेवत, सकाळी आल्यावर एकदा आणि संध्याकाळी जाताना एकदा. पाळण्याकडे पाठ करून साठ आकडे मोजत. वळून बघत तर चमचा कोरडा असे.

बाळाचं इंजेक्शन निम्म्यावर आलं, मग बंद झालं. डॉक्टर भेटेल त्याला ते सांगत सुटले.

एकशे आठव्या दिवशी मुंग्या कमी झाल्या.

एकशे नवव्या दिवशी चादर ओली होती, पण पट्टीचा रंग बदलला नाही.

एकशे दहाव्या दिवशी एकही मुंगी नव्हती.

एकशे अकराव्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत. पाळण्याशेजारी स्टूल ओढून बसून राहिल्या. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली. ठकू गेली ती हीच वेळ. त्यांनी कान देऊन ऐकलं. काही थांबलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. सहा वाजता चमचा ठेवून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाळाला सुट्टी मिळाली. आई पिशवी भरत होती. भरून झाल्यावर ती सिस्टरांजवळ आली आणि घुटमळली.

"रागावणार नसाल तर सांगते," ती म्हणाली. "तुम्ही घरी गेलात की ती चार नंबरची रडते. तिला बघायला कुणी येत नाही, म्हणून मीच घेत होते. दोनदा माझं दूधही पाजलं. आता चांगली भरलीय हो. पण मी चालले, मग तिला कोण घेणार?"

सिस्टरांनी मान वळवून चार नंबरच्या पाळण्याकडे बघितलं.

"तुमच्या हातून औषध घेते. दिवसभर तुमच्याकडेच बघत असते," आई म्हणाली. "तुम्ही तिला एकदाही उचललं नाहीत."

पाळण्यात पांढरी चादर होती, ताठ घातलेली, एकही सुरकुती नसलेली.

"आत्ता?" सिस्टरांनी विचारलं.

"आत्ताही हात करतेय."

सिस्टर पाळण्यावर वाकल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"तिथे नाही, सिस्टर," आई हळूच म्हणाली. "थोडं अलीकडे."