कोपऱ्यातली फरशी

“शिपाई येऊन राहिला, पंजाबराव. तो याच्या आधी सांगा, गोफ कोणं नेला?” मैनाबाई दारातच म्हणाल्या.

अमरावतीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीला पांढऱ्या चकचकीत फरशा बसत होत्या. मुंबईहून आगगाडीनं आलेल्या. काल दुपारी तिथल्याच फडताळातला सोन्याचा गोफ नाहीसा झाला. तेव्हापासून गवंडी सहदेव गोठ्यात कोंडलेला होता. त्याला चोर म्हटलेलं साऱ्या आळीनं ऐकलं होतं.

पंजाबराव खासगी तपास करीत. सोबत त्यांचे मित्र खुशालराव, अंगानं जड, मनानं सरळ.

गोठ्यात सहदेव म्हणाला, “तवा मी निंबाखाली भाकर खाऊन राहिलो होतो, साहेब. कोपऱ्यातली फरशी कापाची राहिली होती.”

“कशी कापतोस?”

पंजाबरावांनी एक फरशी मागवली. सहदेवानं चकाकीवर पोलादी टोकानं रेघ मारली, खिळ्यावर ठेवून दाबली. टक्! काठ सुरीसारखा सरळ.

मोलकरीण जमुना म्हणाली, “रोज घंगाळभर पाणी मीच भरते. फरशा भिजल्याबिगर हा भिंतीले हात नाही लावत. मी म्हणे, फरशा हाय का डाळ?”

मैनाबाईंचा दीर सूर्यभान अंगठ्याला चिंधी बांधून अंगणात फेऱ्या मारत होता.

“अडकित्ता लागला. मी कालच सकाळी धामणगावहून आलो. या कामाचं मले काय ठाऊक? गवंड्याले सोडून मले कावून विचारता?”

पंजाबराव स्वयंपाकघरात गेले. सगळे मागोमाग आले. कोपऱ्यात फरशी बसवलेली होती! काठ दातेरी. बोट लावताच ती सुटून हातात आली. मागच्या खळग्यात गोफ होता.

“झालं!” खुशालराव म्हणाले. “गवंड्याशिवाय भिंतीत कोण लपवील? वर खोटंही बोलला.”

“फरशीची पाठ पाहा. सिमिट धरलंच नाही. कोरडी फरशी सिमिटातलं पाणी पिते अन् सुटते. काठाच्या कपच्या उडाल्यात, कारण ती मागून ठोकून तोडली.”

“काढायला सोपी जावी म्हणून सहदेवानं मुद्दाम केलं असेल.”

“मग काठ तरी सरळ कापला असता. या दातांमुळंच माझी नजर तिथं गेली. भिजवणं जमुनेला ठाऊक, मैनाबाईंना रोज दिसत होतं. हे काम ज्यानं कधी पाहिलंच नाही, असा घरात एकच माणूस आहे. सूर्यभान, चिंधी सोडा. अडकित्त्याच्या जखमेत फरशीची कपची नसते.”

सूर्यभाननं मूठ आवळली.

“माह्या मायचा गोफ होता तो,” तो पुटपुटला. “तो वयनीलेच कावून भेटावा? अन् गवंडी काय, दोन दिसानं सुटलाच असता.”

मैनाबाईंनी जाऊन गोठ्याची कडी काढली. “सहदेव, झालं ते इसर. काम पुरं कर.”

सहदेव जागचा हलला नाही. “करतो बाई. पण चोर मले आळीत म्हटलं. आधी आळीत सांगा.”

मैनाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला, घरापुढच्या ओट्यावर आल्या आणि समोरच्या घरातल्या दुर्गाबाईंपासून एकेकाला नाव घेऊन हाक मारू लागल्या.