कुऱ्हाडीची नवी मूठ

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले भुजंगराव शिपायांच्या घराण्यातले, पण चामड्याचे दर्दी. राजवाड्याच्या घोड्यांची खोगिरं शिवण्यात हयात गेली, म्हातारपणीही रापी-आरी हातातून सुटली नाही. पण पोराची कुऱ्हाड दुरुस्त करायला ते बसले, तेव्हा मात्र त्यांच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी, हातातलं काम टाकलं.

पद्मनाभ, त्यांचा एकुलता एक, गेल्या पावसाळ्यात टी. नरसीपूरला कावेरीत बुडाला. टोपलीसारखी गोल होडी ती, भोवऱ्यात उलटली. बाकीचे निघाले, हा सापडलाच नाही. काठावर राहिलेली त्याची कुऱ्हाड तेवढी आता एका होडीवाल्यानं आणून दिली. पातं गंजलेलं, मुठीचं चामडं कुजून गळालेलं.

प्रेत नाही म्हणून भुजंगराव दिवस घालू देईनात. शकुंतलाबाईंचं मागणं केवढंसं! पोराच्या नावानं तीळपाणी सोडावं, त्याची वाट मोकळी व्हावी.

"खंडेनवमीला पूजेत ठेवतो त्याची कुऱ्हाड," भुजंगराव म्हणाले. "शिपायाच्या घरचं हत्यार असं बोडकं बरं दिसत नाही. मग आला की..."

"अहो, कुठनं येणार तो?"

"सुम्ने बस. काही बोलू नको."

त्यांनी म्हशीच्या जाड चामड्याच्या चकत्या कापल्या, मधे भोकं पाडली, भिजवून लोखंडी दांड्यावर एकावर एक चढवल्या आणि ठोकून आवळल्या. मूठ हातात दाबून बघितली, तर आतून बारीक आवाज आला.

"बा."

पद्मनाभ बापाला बा म्हणायचा. जुन्या शिपाई घरांतली रीतच ती.

"ओलं चामडं कुरकुरतं," भुजंगराव म्हणाले. "आतली हवा निघते." पण मूठ त्यांनी पुन्हा दाबून बघितली.

चामडं वाळलं, कानशीनं गुळगुळीत झालं, तेल पिऊन काळंभोर झालं. आवाज राहिलाच. शकुंतलाबाईंनी मूठ धरून पाहिली. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा, पण आवाज पोराचाच. त्या ढसाढसा रडल्या.

भुजंगरावांना मात्र आनंद कुठं ठेवू न् कुठं नको असं झालं. दिवसभर मूठ धरून बसायचे. "बोल रे राजा, इथंच आहे मी." पानातला भात निवून जायचा. तीळपाण्याचं नाव काढायची सोय उरली नाही.

खंडेनवमीच्या सकाळी शेजारची नागरत्ना शेवंतीची फुलं घेऊन आली. कानडी घरची बाई, पण या घरात येऊन-जाऊन मराठी शिकलेली. फुलं ठेवायला जागा करावी म्हणून तिनं पाटावरची कुऱ्हाड सरकवली आणि चटका बसल्यासारखा हात काढला.

"अय्यो, शकुंतलक्का! यारु करीता इद्दारे? कोण बोलावतंय?"

"बोलावत नाही गं. बापाला बा म्हणतो तो."

"नाही अक्का." नागरत्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ये म्हणतोय. ये, ये."

कन्नडात बा म्हणजे ये. हे काय शकुंतलाबाईंना ठाऊक नव्हतं? जन्म म्हैसुरात गेला. पण पद्मनाभ घरात मराठी बोलायचा आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. तो घरातच आहे असं धरून दोघं ऐकत राहिले होते.

त्या वळून पाहतात तो दारात भुजंगराव. सगळं ऐकलेलं. तोंडावर केवढा उजेड!

"अगं, मग पोरगं इतके दिवस ताटकळलं की!"

पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं. त्यांनी उचललं.

"मला टाकून जाऊ नका हो," शकुंतलाबाईंनी बाही धरली.

"घेऊन येतो त्याला." बाही सोडवून ते निघालेसुद्धा.

त्या मागोमाग धावल्या. दसऱ्याच्या गर्दीतून बस स्टँडवर पोचेपर्यंत नरसीपूरची बस गेली होती.

दसऱ्याला तोच होडीवाला पुन्हा दारात आला. कुऱ्हाड काठावर मिळाली म्हणाला. ती उंबऱ्यावर ठेवून तो पाठमोरा झाला.

शकुंतलाबाईंनी मूठ धरली.

चामडं ओलं होतं.

आवाज भुजंगरावांचा होता. स्वच्छ मराठीत.

"शकू, ये गं."

त्यांनी चुलीवरचं दूध उतरवलं. त्यावर झाकण ठेवलं. मग भिंतीपलीकडे हाक मारली.

"नागरत्ना, नरसीपूरची बस कितीला आहे गं?"