बॉनेटवरचे ठोके

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडली. यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. उलट जे ऐकवत नाही, ते थोडं गाळलंय.

असलं काही घडायला रात्र लागते, असं आपल्याला वाटतं. इथे लख्ख ऊन होतं. रविवार होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

मामाचं गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. पुढे शटर, मागे दगडी भिंत. भिंतीवर नट-बोल्टचे पाने टांगलेले, वर लोखंडी तुळई आणि तिला इंजिन उचलायची साखळी. इंजिनं मामा बघायचा, बाकी सगळं मामी बघायची. गाडीत बसून ब्रेक धरायचा असो की गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावायचे असोत, ते काम तिचं.

शनिवारी संध्याकाळी थोरले आपली पिकअप सोडून गेले होते. सगळा भाग त्यांना थोरले म्हणायचा, कारण एक धाकटाही होता. दोघे भाऊ मिळून त्या पिकअपने वाळू-खडी वाहायचे. दोन वर्षांपूर्वी धाकटा गेला. घरामागे हीच पिकअप दुरुस्त करत होता, ती पुढे सरकली आणि तो भिंतीला चिरडला. लोकांना एवढंच माहीत होतं.

"मिस्तरी, चालू केली की गाडी अंग झाडते," थोरले म्हणाले होते. "बंद करताना धाडकन आवाज येतो. गिअरचा दांडा हातात नाचतो."

"फाउंडेशन गेलंय," मामा म्हणाला. इंजिन सांगाड्यावर नुसतं ठेवलेलं नसतं. मध्ये रबराचे जाड ठोकळे असतात, हादरे गिळायला. गॅरेजवाले त्यालाच फाउंडेशन म्हणतात.

"सहा महिन्यांत तीनदा बदललं. तीन वेगळ्या गॅरेजांत. दर वेळी फाटतं."

मामा हसला. "मग तिघांनीही बोल्ट चिमटीत धरून आवळले असतील."

थोरले हसले नाहीत.

तर रविवारी मामाने आधी खात्री करून घेतली. पिकअपचं तोंड भिंतीकडे होतं. मामी सीटवर बसली. ब्रेक दाबून धरला, पहिला गिअर टाकला, क्लच किंचित सोडला. मामा बाजूला उभा राहून उघड्या बॉनेटखाली बघत होता. या तपासणीत गाडीसमोर उभं राहायचं नाही, हा त्याचा शिरस्ता.

इंजिन वीतभर उसळलं.

"बस बस, बंद कर! हे तर बाहेरच येईल."

मामाने बॉनेट लावलं आणि तो गाडीखाली शिरला. इंजिनच्या तळाशी, ऑइलच्या चेंबरला लाकडी ठोकळा लावून जॅकवर वजन घेतलं. बोल्ट सैल केले आणि उजवीकडचं रबर बाहेर काढलं.

रबर झिजलेलं नव्हतं.

कडक होतं, काळंभोर होतं, जवळपास नवं होतं. आणि मधोमध फाटलं होतं. डावीकडचंही तसंच. दोन्ही हातांनी धरून ओढून तोडावं तसं...

तेवढ्यात वरून आवाज आला.

धप... धप...

कुणीतरी बॉनेटवर मुठी आपटत होतं. दोन्ही मुठी, एकदम. पत्रा हादरून काजळी मामाच्या डोळ्यांत पडली.

"अगं, मस्करी पुरे! खाली आहे मी!"

धप... धप... धप...

"अगं ए!"

"काय हो? ओरडताय कशाला?"

मामीचा आवाज शटरजवळून आला. ती बाहेर समोरच्या वेल्डरशी बोलत उभी होती.

मामाने मान वळवली. गाडीखालून चारही बाजूंची फरशी दिसते. आलेल्या माणसाचे पाय दिसतात.

भिंतीच्या बाजूला पाय नव्हते.

डावीकडे नव्हते. उजवीकडे नव्हते.

आणि वर ठोके सुरूच होते. आता जोरात. आता घाईघाईने... जीव घुसमटलेला माणूस आपटेल तसे.

जॅक कलंडू लागला. मामा कसाबसा सरपटत बाहेर आला, आणि त्याच क्षणी जॅक निसटला. इंजिनचा तो बोजा ज्या जागी खाली आला, तिथे क्षणापूर्वी मामाची छाती होती.

आवाज थांबला.

बॉनेटवर दोन खड्डे पडले होते. शेजारी शेजारी, मुठीएवढे. आणि मामाने नीट बघितलं तेव्हा त्याला कळलं, तिथे जुने खड्डेही होते. ठोकून सपाट केलेले, वरून रंग मारलेले. कितीतरी.

"अहो, राहू द्या ही गाडी," मामी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

पण मामा हट्टी. अर्धवट उघडलेलं काम त्याला जेवू देत नाही. त्याने पुन्हा जॅक लावला, दोन बाजूंना टेकू दिले, नवी रबरं बसवली आणि पान्याला पाइप घालून बोल्ट आवळले. या वेळी काही झालं नाही. दीड वाजता काम संपलं. जॅक, टेकू, सगळं बाहेर काढलं.

थोरले आले ते नेमके तेव्हाच.

"बस गं, एकदा बघून घेऊ," मामा म्हणाला.

मामी बसली. ब्रेक, पहिला गिअर, क्लच किंचित वर. इंजिन जागचं हललं नाही. मामीने क्लच पुन्हा पूर्ण दाबला.

"बघा थोरले. आता नाही फाटायचं." मामाने बॉनेट खाली लावलं.

धप...

तिघांच्या डोळ्यांदेखत. कुणी हात लावला नव्हता. पत्रा आपोआप आत गेला.

धप... धप...

थोरल्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मग लालबुंद झाला. त्यांनी भिंतीवरचा मोठा पाना उपसला. मामा "अहो समोर जाऊ नका" म्हणेपर्यंत ते गाडी आणि भिंतीच्या मध्ये घुसलेही होते. आणि त्या माणसाने बॉनेटला मारायला सुरुवात केली. जनावराला मारावं तसं. रंगाचे टवके उडत होते, तोंडातून फेस येत होता.

"गप्प! गप्प बस! तुला भिंतीला दाबला तेव्हाही असाच आपटत होतास! तेव्हा नाही मागे घेतली गाडी, आता घेईन होय?"

मामाने मामीकडे बघितलं; सीटवर बसून तीही ऐकत होती.

"गाडी तुझी म्हणत होतास ना?" थोरले किंचाळले. "तुला चालवायची होती ना? मग बस! जा, बस सीटवर!"

ठोके थांबले.

इंजिनचा आवाज तेवढा उरला. थोरले धापा टाकत उभे होते, पाना वर धरून.

आणि मग...

इंजिन गरजलं. पिकअपने झेप घेतली.

धडक बसली तेव्हा भिंतीवरचे सगळे पाने एकदम खाली आले. हाडं मोडल्याचा आवाज मामाने त्या खणखणाटातही ऐकला. थोरले कमरेपासून भिंतीला चिकटले होते आणि इंजिन अजून रेटत होतं. चाकं जागच्या जागी फिरत होती, रबर जळत होतं, धूर निघत होता.

थोरल्यांच्या हातातला पाना पडला. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि बॉनेटवर आपटल्या.

धप... धप... धप...

तोच ताल.

मामा दाराशी धावला. दार उघडेना. त्याने खिडकीतून हात घालून चावी फिरवली, उपटून काढली. चावी हातात आली तरी इंजिन चालूच राहिलं. मामीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. मामाने तिला हलवलं, हाका मारल्या. ती पापणीही लववत नव्हती.

मुठी थांबल्या, तेव्हा इंजिन बंद पडलं.

वेल्डर धावत आला. दोघांनी मागून साखळी लावून गाडी ओढली. थोरले तीन दिवस जगले. शुद्धीवर आले तेव्हा पोलिसांना एवढंच म्हणाले, "बाईंचा दोष नाही. तो बसला होता." पोलिसांनी ते तापातलं बरळणं धरलं. क्लच सटकला, असं कागदावर आलं. मामाने धाकट्याचं सगळं सांगितलं, पण ज्याच्यावर गुन्हा दाखल करायचा तोच गेला होता.

नवी रबरं दोन्ही फाटली होती. मामा म्हणतो, एवढी धडक बसल्यावर फाटणारच. पण हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही.

मामीच्या उजव्या पावलावर बर्फाने भाजल्यासारखा काळानिळा डाग पडला होता. बुटाच्या तळाचा, पावलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तो महिनाभर टिकला.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. भाजी निवडताना धीर करून विचारलं, "मामी, तेव्हा नक्की काय झालं गं?"

ती देठं तोडत राहिली.

"कुणीतरी माझा पाय ब्रेकवरून उचलला," ती म्हणाली. "ॲक्सिलरेटरवर ठेवला. आणि त्यावर आपला पाय ठेवला. थंडगार होता."

"मग तू काय करणार होतीस? तुझा काय दोष?"

मामीने हातातली जुडी खाली ठेवली.

"जोर नव्हता गं त्या पायात," ती हळूच म्हणाली. "नुसता ठेवला होता त्याने. क्लच मी सोडला. दाबलं मी."